लोक बाकडीच का मागतात? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि चिडून लिहिलेली होती, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. मागच्या लेखात मी पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना सहभाग हवा, अशी बाजू घेतली होती. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लोकांना अंदाजपत्रकातलं ओ की ठो कळत नाही, विचारलं की बाकडी आणि पेव्हिंग ब्लॉक मागतात, करवाढीला तर एकजणही हो म्हणणार नाही, आणि विचारायचंच असेल तर मिळकतकर भरणाऱ्यांनाच विचारा.

बाकड्यांचं आधी कबूल करतो, कारण त्यातलं एक माझं आहे. आमच्या चौकात पावसाळ्यात घोट्याच्या वर पाणी साचतं. अंदाजपत्रकात कोणती कामं घ्यावीत हे नागरिकांनी सुचवायचा महापालिकेचा अर्ज असतो. तो भरायला बसलो तेव्हा डोक्यात तेच होतं. पण एका कामाला मर्यादा ५ लाखांची. पावसाळी वाहिनी त्यात कुठली बसायला? मग बसस्टॉपजवळ बाकडं हवं, असं लिहून दिलं. बाकडं आलं. आता त्यावर बसलं की चौकातलं तळं छान दिसतं.

म्हणजे अक्कल नव्हती म्हणून मी बाकडं मागितलं नाही, अर्जात मावलं ते मागितलं. पुण्यात हा उपक्रम २००६ पासून आहे आणि तो सुरू करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण साडेबारा हजार कोटींच्या पुढे गेलेल्या अंदाजपत्रकात त्याचा वाटा चिमूटभर. उड्डाणपूल आधी की पाण्याची टाकी, हे त्या अर्जात कुणी विचारतच नाही. ते ठरतं आयुक्तांच्या मसुद्यात, मग स्थायी समितीत आणि मुख्य सभेत. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं तर नगरसेवकच नव्हते. आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. तेव्हा ‘लोकांचं अंदाजपत्रक’ हा मागच्या लेखाचा माझा मथळा फुगवलेला होता, हे तुम्ही बरोबर पकडलंत.

आता लोकांना खरंच विचारलं तर काय होतं, यासाठी ब्राझीलमधलं पोर्तो आलेग्रे हे शहर बघा. तिथे १९८९ मध्ये बैठका घेऊन नागरिकांना अंदाजपत्रकात सहभागी करून घेणं सुरू झालं, तेव्हा बैठकांना हजार माणसंही जमत नव्हती. १९९२ पर्यंत तो आकडा आठ हजारांच्या आसपास गेला. मधल्या काळात लोक शहाणे झाले म्हणून नव्हे, तर सुचवलेली कामं होताना दिसू लागली म्हणून. त्यांनी मागितलं काय? रस्त्यांचं डांबरीकरण, पाणी, सांडपाण्याच्या वाहिन्या. तिथे नव्या वर्षाची चर्चा सुरू होण्याआधी गेल्या वर्षी काय झालं, काय राहिलं, याचा हिशेब पालिकेने बैठकीत द्यायचा असे. मला या पद्धतीत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आणि हो, त्याच सुमारास तिथल्या पालिकेने मालमत्ता करही वाढवला होता.

करवाढीबद्दलचा तुमचा मुद्दा मला त्यामुळे अर्धाच पटतो. पुण्यात स्वतः राहतो त्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, १९७० च्या ठरावापासून. राज्य सरकारने ती मध्यंतरी काढून घेतली आणि २०२३ मध्ये परत दिली. अशी सवलत आपल्याला आहे, हे मला तर ती जाणार म्हणून गलका झाला तेव्हाच कळलं! आपण किती भरतो आणि का, हेच ज्याला माहीत नाही, तो वाढीला नाहीच म्हणणार. मीही म्हणेन.

‘कर भरणाऱ्यांनाच विचारा’ हे मात्र मुळीच पटलं नाही. भाडेकरूच्या नावावर बिल येत नाही, पण घरमालक तो कर स्वतःच्या खिशातून भरतो असं तुम्हाला वाटतं का? कर भरेल त्यालाच मत, हा इंग्रजांच्या काळातला कायदा होता. त्याच काळात, १८८० साली, व्हाइसरॉय लिटनसाहेबाच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचे की नाही, हा प्रश्न पुण्याच्या नगरपालिकेत आला. विरोधात एकटे जोतीराव फुले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांनी आक्षेप घेतला होता. (आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. पुणं!) फुले स्वतः कंत्राटदार होते, हिशेबात कच्चे नव्हते, पण त्या दोन्ही वेळचा प्रश्न बेरजेचा नव्हताच. कुणाची गरज आधी, एवढाच होता. त्याचं उत्तर द्यायला ताळेबंद वाचता यायला हवा, असं मला वाटत नाही.

तुम्हाला मात्र तो येतो. आयुष्यभर हिशेब तपासलेत, असं तुम्हीच लिहिलंय. तर एक काम कराल का? तुमच्या प्रभागातून गेल्या पाच वर्षांत सुचवलेल्या कामांपैकी किती अंदाजपत्रकात आली आणि किती प्रत्यक्षात झाली, हे क्षेत्रीय कार्यालयातून काढू या. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहितो, आकडे तुम्ही तपासा. बाकडी किती निघतात तेही मोजू. माझं एक धरून.