जेवू घालणाऱ्याचं नाव

काल आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात एका पोराने गिटारवर 'नो वुमन, नो क्राय' म्हटलं. छान म्हटलं. पण आधी निवेदक बोलला, "बाई नसेल तर रडणंही नाही, असं सांगणारं बॉब मार्लीचं गाणं." वर माहिती पुरवली की कागदावर गीतकार म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव आहे, करार चुकवायला उभं केलेलं बुजगावणं. लोक हसले. मला रात्रभर झोप नाही, म्हणून लिहितोय.

अर्थाचं आधी सांगतो. बॉब मार्ली जमैकाचा गायक, आणि तिथल्या बोलीत त्या ओळीचा अर्थ आहे, 'नको गं बाई, रडू नकोस'. एका बाईचे डोळे पुसणारं गाणं आपण बायकांची टिंगल करायला टी-शर्टवर छापतो. बास, यावर जास्त लिहीत नाही.

आता ते बुजगावणं. त्याचं नाव व्हिन्सेंट फोर्ड, टाटा म्हणायचे त्याला. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत गरिबांसाठी अन्न शिजवायचा. मधुमेहाने दोन्ही पाय गेले, चाकाच्या खुर्चीत बसून आयुष्य काढलं. बॉब तरुण होता, खिशात दमडी नव्हती, तेव्हा त्याच्या पोटात घास गेला तो याच्या चुलीवरचा. त्याच अंगणात बॉब गिटार शिकला. गाण्यात रात्रभर पेटलेला जाळ आहे आणि वाटून खाल्लेली मक्याच्या पिठाची पेज आहे. ती पेज काय आकाशातून पडली?

माझ्या डोळ्यांसमोर मात्र सांगलीतल्या काकू येत राहिल्या. १९८९ साली मी त्यांच्या खाणावळीत जेवायचो. तीन महिने पैसे दिले नव्हते, तरी ताट झाकून ठेवलेलं असायचं. त्यांच्याच पिठाच्या डब्यावर वही ठेवून मी एकांकिका लिहिली. त्यातलं एक वाक्य काकूंचं होतं, पोळ्या लाटता लाटता बोललेलं : "उपाशी माणसानं चुलीकडं बघू नये बाळा, भूक जास्त पेटती." मी ते जसंच्या तसं उचललं. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.

बॉबकडे परत येतो. गाणं १९७४ च्या 'नॅटी ड्रेड' या अल्बममध्ये आलं, पण जगभर गाजलं ते पुढच्या वर्षी लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये लोकांसमोर गायलेलं. बोनी एमने गायलं, फ्यूजीजने गायलं. कुणीही गायलं तरी गीतकाराचा वाटा गीतकाराच्या नावावर जातो, आणि तिथे नाव होतं फोर्डचं. त्या पैशावर त्याची चूल पेटती राहिली असं म्हणतात. यात हसण्यासारखं काय आहे?

हो, बॉब तेव्हा केमन म्युझिक या कंपनीच्या करारात अडकला होता, त्याच्या नावावरची गाणी कंपनीकडे जायची, म्हणून त्या काळातली आणखीही गाणी त्याने जवळच्यांच्या नावावर टाकली. गाणं बहुतेक त्यानेच रचलं असेल. मान्य. लंडनच्या कोर्टात केमनचं म्हणणं हेच होतं, की नावं खोटी आहेत, म्हणून ही १३ गाणी आमची. २०१४ मध्ये ते हरले, पुढच्या वर्षी अपीलही फेटाळलं गेलं. पण ते भांडण दोन कंपन्यांचं होतं. फोर्ड २००८ च्या डिसेंबरातच गेला होता, बॉब तर १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी. ज्यांनी ती पेज खाल्ली नाही ते हिशेब करत बसले.

करार चुकवायचाच होता तर कुणाचंही नाव चाललं असतं. या गाण्यासाठी बॉबला टाटा आठवला. माझ्यासाठी एवढं पुरे आहे. कायदा काय म्हणायचं ते म्हणो.

चिडून लिहायला बसलो होतो, पण खरं सांगतो, राग निवेदकावर नाहीच. प्रयोगाला काकू आल्या होत्या, शेवटच्या रांगेत, नवं लुगडं नेसून. ते वाक्य आलं तशा त्या खुदकन हसल्या आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हे माझं हाय." त्या बाईने हातातलं पत्रक दाखवलं. लेखक म्हणून माझं नाव. "असं कसं तुमचं, मावशी?" मी दोन हातांवर मागच्या दारात उभा होतो. सगळं ऐकलं. तोंडातून शब्द फुटला नाही. काकूंनी पत्रक उलटंसुलटं करून बघितलं, वाचता येत नव्हतं त्यांना, आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताट झाकलेलं होतंच.

पैसे मी नंतर फेडले. ते वाक्य त्यांचं आहे हे कुणालाच सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. काकू २०११ मध्ये गेल्या.

माझ्याकडची वही आणि पत्रक २०१९ च्या पुरात गेलं. त्या एकांकिकेत आमच्यासोबत काम केलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल आणि संहितेची एखादी प्रत माळ्यावर पडली असेल, तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. पहिल्या पानावर एक नाव घालायचं राहिलंय.