कॉक कोणी फिरवला?

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी सहाला गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायच्या टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली, तर तळाला टीचभर पाणी. आणि भिंतीकडेचं गटार दुथडी भरून वाहतंय, त्यात आमच्या गच्चीवरून आलेला पाइप धो धो ओततोय.

पाणी टाकीत जाणार की गटारात, हे ठरवणारा पाइपावरचा कॉक गटाराकडे फिरवलेला होता. मी नाही फिरवला. चार दिवस उघडीप होती म्हणून संध्याकाळी पहिलं दोनशे लिटर, कबुतरांची घाण आणि धूळ घेऊन येणारं, मीच छत्री धरून गटारात सोडलं. बाटलीत धरून पाहिलं, पाणी नितळ यायला लागलं तेव्हा नऊ वाजता कॉक टाकीकडे वळवून वर गेलो. इतकं स्पष्ट आठवतंय मला.

तळमजल्यावरचे काका दारात उभे होते. विचारलं तर म्हणाले, "अहो, पाणी टाकीत पडतं त्याचा केवढा आवाज! झोप लागेना, मग फिरवला मीच. पावसाचंच पाणी ते, गेलं तर काय बिघडलं?"

काय बिघडलं! गच्चीत मी सरळ कडांचा डबा ठेवतो. त्यात पट्टी बुडवली, 40 मिलिमीटर. गच्ची 200 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे आठ हजार लिटर. जिरलं, उडालं, सुरुवातीचं सोडून दिलं, असं सगळं वजा घाला, तरी सहा हजाराच्या वर राहतं. टाकी पाच हजारांची. काठोकाठ भरून वाहिली असती! एका फ्लशला सहा लिटर धरले तर आठशेहून जास्त वेळा प्यायच्या पाण्याला हात लावावा लागला नसता. हेच गणित मी इमारतीच्या तीन बैठकांत मांडलंय आणि तिन्ही वेळा लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

आवाजाचा त्रास होतो, मान्य. मला एकदा सांगायचं होतं ना! आत पाइप तळापर्यंत उतरवून शेवटी वर तोंड करून एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, लावला की आवाजही बंद आणि तळाचा गाळही ढवळत नाही. तासाभराचं काम आहे. पण सांगायचं नाही, रात्री अकराला गुपचूप यायचं आणि कॉक फिरवायचा. तो कॉक तरी अर्धा फिरवायचा, तोही पूर्ण!

आणि सकाळी नऊ वाजता काय, तर गेटवर टँकर. काल रात्री आभाळातून दारात आलेलं पाणी गटारात घालवलं आणि आज विकतचं घेतोय. काका बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे.

गेल्या वर्षी कोणीतरी जाळीचं झाकण उचलून कुंड्यांखाली ठेवायला नेलं. आठ-दहा दिवसांत टाकीत अळ्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण ठपका कोणावर? टाकीवर. "तुमच्या त्या टाकीमुळे डास झाले." झाकण नेलं त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. गच्चीत दाणे टाकून कबुतरं गोळा करणाऱ्यांनाही नाही. गाळणीतली वाळू आणि खडी मी एकट्याने उपसून धुतली, तेव्हा जिन्यातून जाणाऱ्यांनी नाक मुरडलं. सगळ्या अंगणाला फरशी कोणी घातली? यांनीच. आता थेंबभर पाणी जमिनीत मुरत नाही आणि बोअर आटला म्हणून हेच रडतात. जुन्या घराला परसदारी पन्हळीखाली पिंप असायचं, त्यात डाळ शिजायची, साबणाला फेस यायचा. तेव्हा कोणाला झोप लागत नव्हती का?

मला सकाळी आवाज चढवायचा नव्हता. चढला. काकांचं वय बघून गप्प बसायला हवं होतं, असं बायको म्हणते. बसणार नाही. पाच हजार लिटर आहेत ते.

दुपारी प्लंबरला बोलावून एल्बो लावून घेतला. आणि कॉकची मूठ काढून घरी आणून ठेवलीय, दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे. ज्याला फिरवायचा असेल त्याने बेल वाजवावी, रात्री अकरालासुद्धा. आता पुन्हा भरून आलंय, मी खाली चाललोय.