‘दोन किलोच्या माशाला नऊ नंबरचा रॉड कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्लाय, म्हणजे पिसं-केस गळावर बांधून केलेलं नकली आमिष, फेकून मासे धरायचा रॉड कसा निवडावा या माझ्या लेखात मी ‘खाडीसाठी नऊ नंबर’ असं लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. हा प्रश्न आणखीही काहीजणांना पडला असणार, म्हणून सविस्तर उत्तर देते आहे. तुमचे मुद्दे तीन. पहिला, खाडीतला जिताडा किंवा तांबोशी सहसा दोन-तीन किलोंची. त्यासाठी नऊ नंबरचा रॉड सांगणं म्हणजे लोकांना खर्चात पाडणं, हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या ट्राउटसाठी घेतलेला तुमचा पाच नंबरचा रॉड चार किलोंचा मासाही ओढेल. दुसरं, फ्लाय तयार मिळत असताना घरी बांधत बसणं हा वेळेचा अपव्यय. तिसरं, बांधायच्याच असतील तर गावाकडे रानकोंबड्याची पिसं मिळतात, ती वापरून दाखवा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण ते थांबायला हवं. कृपा करून रानकोंबड्याच्या पिसांना हात लावू नका. हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तुम्ही सहज सुचवलंत हे मला कळतं, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. सह्याद्रीतल्या या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पांढरे-पिवळे ठिपके असतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या नद्यांवर सामन मासा धरायच्या ज्या नटलेल्या फ्लाय बांधल्या जात, ‘जॉक स्कॉट’सारख्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना हेच पीस असे. तिकडे त्याला ‘जंगल कॉक’ म्हणतात. आपल्या डोंगरातल्या पक्ष्यांच्या मानांची कातडी त्यासाठी बोटीतून गेली. आज तिकडचे लोक पाळीव वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं किंवा नकली पिसं वापरतात. आपल्याला तर गरजच नाही. खाडीतल्या माशाला तो ठिपका नको असतो, त्याला हलणारं, घाबरलेलं काहीतरी हवं असतं. ते बोकडाच्या केसांनी उत्तम होतं.

आता रॉड. मूळ लेखात हे मी नीट उलगडलं नव्हतं, तो दोष माझा.

साध्या रॉडने गरवताना वजन आमिषात नाहीतर शिशात असतं. ते पुढे उडतं आणि मागून दोरी ओढत नेतं. फ्लायच्या रॉडचं उलटं आहे. ट्राउटसाठीची पाण्यावर तरंगणारी बारीक सुकी फ्लाय म्हणजे धागा आणि पिसाचे चार वळसे. ती हाताने फेकली तर समोरच पडेल. खरी फेकली जाते ती जाड लाइन, म्हणजे दोरी, फ्लाय नुसती तिच्यामागे जाते. रॉडवर लिहिलेला नंबर या लाइनच्या वजनाचा असतो. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. आठ नंबरचं २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. तेवढ्या वजनाने वाकून सुटावा, असा तो रॉड बनवलेला असतो. माशाचं वजन या हिशोबात कुठेच येत नाही. म्हणून मी लिहिलं होतं की आधी फ्लाय बघा. फ्लाय जड आणि झुबकेदार असेल तर तिला उलटवून पुढे नेणारी लाइन जड लागते, आणि लाइन जड झाली की रॉडचा नंबर आपोआप चढतो.

पाच नंबरचा रॉड मी स्वतः देवगडच्या खाडीवर नेला होता. त्याला क्लाउझर नावाची दोन इंचांची फ्लाय बांधली होती, डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असलेली. पहाटे सगळं बरं चाललं होतं, कारण जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीमागून होता. दहा वाजता समुद्रावरून खारा वारा सुरू झाला आणि तोंडावर आला. लाइन मागे पुरती ताणली जाईना, फ्लाय खाली घसरू लागली आणि एका फेकीत तो मणी रॉडच्या शेंड्याजवळ ‘टक्’ करून आपटला. त्या दिवशी काही झालं नाही. पुढच्या महिन्यात तीर्थनला, वीतभर ट्राउट लागली असताना, रॉड बरोबर त्याच जागी मोडला. कार्बनच्या नळीला बारीक चीर गेली की ती दिसत नाही, पुढे कधीतरी ताण आला की तिथेच तुटते. मणी आपल्या कानावर आपटला असता तर काय, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. टोपी आणि चष्म्याशिवाय खाडीवर फेकू नका.

पाच नंबरने चार किलोंचा मासा निघेल, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. मोकळ्या पाण्यात निघतो. पण तांबोशी लागली की कांदळवनाच्या मुळांकडे धावते आणि तिला पहिल्या दोन-तीन हातांतच अडवावं लागतं. तिथे रॉडच्या बुडाशी जोर लागतो. शिवाय हलक्या रॉडवर मासा बराच वेळ खेळवला तर तो पार दमतो, आणि सोडून दिला तरी वाचेलच असं नाही. सोडायचा असेल तर लवकर आणायला हवा.

तरीही नऊ नंबर सरसकट सांगायला नको होता. इथे तुमची तक्रार रास्त आहे. माझ्या डोळ्यांसमोर खाडीचं मुख होतं, उघडा वारा आणि जड फ्लाय. आत, कांदळवनाच्या आडोशाला, बिनमण्याची फ्लाय टाकायची तर आठ पुरतो, सातही चालतो. पहिलाच रॉड घेणाऱ्याला मी आज नऊ फुटी आठ नंबर सांगेन. हिमालयातल्या नद्यांवर महसीरसाठीही तोच चालतो. म्हणजे पाणी गोडं की खारं यावरून नंबर ठरत नाही. खाऱ्या पाण्याने फरक पडतो तो रिळात, रॉडच्या कड्यांत आणि गळात. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला आवरणारा ब्रेक, बंदिस्त हवा, आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायला हवं, त्याच संध्याकाळी. लाइनही बघून घ्या. थंड पाण्यासाठी बनवलेली ट्राउटची लाइन मे महिन्याच्या कोकणी उन्हात मऊ पडून कड्यांना चिकटायला लागते.

फ्लाय बांधण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

विकतच्या फ्लाय वाईट असतात असं नाही. तीर्थनला मीही वापरते. पण मागे ऑनलाइन मागवलेल्या डझनभर फ्लायचे गळ एकाच फेरीत गंजले, आणि एक गळ तांबोशीने चक्क सरळ केला. घरी बांधताना गळ मी निवडते, स्टेनलेसचा नाहीतर कथलाचा मुलामा दिलेला, जाड तारेचा. हे झालं टिकाऊपणाचं. खरं कारण पाण्यात आहे. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीला, खाडीची ओढ जोराची असते, तेव्हा जड मणी लागतात, नाहीतर फ्लाय वरच्या वर वाहून जाते. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तेच मणी तिला चिखलात रुतवतात. दुकानातल्या पाकिटात एकाच वजनाच्या बारा असतात. माझ्या डबीत एकाच रंगाच्या तीन वजनांच्या आहेत.

क्लाउझरचीच गोष्ट घ्या. बॉब क्लाउझर हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले, सस्क्वेहाना नदीवर स्मॉलमाउथ बास हा मासा धरणारे. १९८० च्या दशकात त्यांनी गळाच्या दांड्याच्या वरच्या बाजूला मणी बांधून बघितले. वजन त्या बाजूला गेल्यामुळे फ्लाय पाण्यात उलटी होते आणि गळाचं टोक वर राहतं. नदीच्या तळातल्या दगडांत ती अडकेना. फ्लाय फिशिंगमधले नामवंत लेफ्टी क्रे यांनी तिला नाव दिलं, आणि गोड्या पाण्यात जन्मलेली ही फ्लाय जगभरच्या समुद्रांवर गेली. आपल्या खाडीतले कातळ कालवांनी भरलेले असतात. तिथे टोक वर असलेला गळच वाचतो.

बांधायला ती अवघडही नाही. गळाच्या नेढ्यापासून एक तृतीयांश अंतरावर मणी, धाग्याचे आडवे-तिरपे वेढे घट्ट, वर थेंबभर डिंक. मग पांढरे केस, मग गळ उलटा करून गडद केस, मधे चमकीचे चार धागे. नवखे लोक केस फार घालतात. बांधून झाली की खिडकीसमोर धरा, पलीकडचं दिसलं पाहिजे. भरगच्च फ्लाय बुडत नाही आणि फेकताना वाऱ्याला अडते, मग पुन्हा रॉड जड हवासा वाटतो.

वेळ वाया जातो असं म्हणताना फ्रँक सॉयर आठवा. इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण करणारा हा माणूस. त्यांची ‘फेझंट टेल’ ही फ्लाय दोनच वस्तूंची आहे, फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. धागासुद्धा नाही, तारच बांधते, तारच वजन देते. नदीतल्या किड्याचा आकार आणि तो पाण्यात किती खाली असतो, हे वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय इतकं कमी करता येत नाही.

तुमचा पाच नंबरचा रॉड विकू नका. तीर्थनला त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि खाडीतही निवांत सकाळी, मतलई वारा असेतो, बिनमण्याच्या छोट्या फ्लायने तो चालेल. वारा फिरला की आवरा. लीडरचं, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांमधल्या बारीक दोऱ्याचं, शेवटचं टोक मात्र ट्राउटचं ठेवू नका, जिताड्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. हातभर जाड फ्लोरोकार्बनचा दोरा जोडा.

मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. ‘खाडीसाठी नऊ नंबर’ हे वाक्य काढून ‘आडोशाला आठ, मुखाशी वारा आणि जड फ्लाय असेल तर नऊ’ असं लिहिलं आहे, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली हेही खाली नोंदवलं आहे.