फ्रेई गास्पार आणि भाषा शिकवण्याचे काम

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना फादर थॉमस स्टीफन्स ठाऊक असतात. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइट (येशूसंघाच्या) धर्मगुरूंचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथल्याच रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि त्यातील मराठीच्या गौरवाच्या ओव्या मराठी भाषा गौरव दिनी मुंबईतल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर हमखास येतात. मात्र याच स्टीफन्स यांनी परक्या धर्मगुरूंना कोकणी शिकता यावी म्हणून तिचे व्याकरण रचले आणि ते त्यांच्या निधनानंतर १६४० साली छापले गेले, हे फारसे कोणी सांगत नाही. तिथे आपल्याला गौरव सापडत नाही. तिथे विभक्ती आणि क्रियापदे आहेत.

मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते फ्रेई गास्पार दे सांव मिगेल याच दुसऱ्या कामातले. ते फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती संघाचे व्रतस्थ होते; ‘फ्रेई’ म्हणजे अशा संघातील बंधू. गोव्यात सासष्टी तालुका जेझुइटांकडे आणि बारदेश फ्रान्सिस्कनांकडे अशी धर्मकार्याची वाटणी झालेली होती, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गास्पार यांनी कोकणीच्या वाक्यरचनेवर पोर्तुगीज भाषेत एक विस्तृत ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या व्याकरणाचा दुसरा भाग. हस्तलिखित पुढे लंडनला पोहोचले, आणि १९६०च्या दशकात अभ्यासक जोझे परेरा यांनी ते संपादित करून मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. म्हणजे सुमारे तीन शतके अप्रकाशित राहिलेला हा मजकूर अखेर आपल्याच शहरातून छापून निघाला. मराठी आणि कोकणी या सख्ख्या शेजारणी असल्यामुळे दोन्हींच्या अभ्यासकांना तो उपयोगी पडावा. तरीही आमच्याकडे व्याकरणाच्या इतिहासाची चर्चा बहुधा एकोणिसाव्या शतकातील दादोबा पांडुरंगांपासून सुरू होते.

धर्मगुरूला व्याकरणाची इतकी गरज का पडावी, याचे उत्तर त्याच्या रोजच्या सेवेत आहे. प्रवचन पाठ करून म्हणता येते आणि प्रार्थना दुसऱ्याकडून लिहून घेता येते, परंतु भाविक एकांतात देतो ते पापनिवेदन (कन्फेशन) ऐकताना मध्ये दुभाषा बसवणे म्हणजे त्या संस्काराचा गाभाच काढून घेणे होय. एखादी बाई घरातले दुःख सांगत असेल, तर ‘मी मारले’ आणि ‘मला मारले’ यांतला फरक ऐकणाऱ्याला त्याच क्षणी कळला पाहिजे. वाक्यरचनेवर आख्खा ग्रंथ खर्ची घालण्यामागे मला विद्वत्तेच्या हौसेपेक्षा ही निकड अधिक दिसते.

शिवाय जन्मतः भाषा बोलणाऱ्याला स्वतःच्या भाषेचे नियम दिसत नाहीत. ‘ती आंबा खाते’ म्हणणारे आपण लगेच ‘तिने आंबा खाल्ला’ म्हणतो. कर्ता स्त्री असूनही क्रियापद आंब्याच्या मागे का गेले, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. तो पडतो प्रौढ वयात भाषा शिकायला बसलेल्या माणसाला, आणि त्याचे उत्तर नीट मांडण्याची वेळ येते पुढच्या नवशिक्याला शिकवताना. गास्पार यांचे मोठेपण मला इथे वाटते. स्वतः भाषा शिकून ते थांबले नाहीत. मागून येणाऱ्याची वाट त्यांनी सोपी केली.

या सगळ्यावर भक्तिभावाचा मुलामा चढवण्याची माझी इच्छा नाही. हे शिक्षण सत्तेच्या छत्राखाली चालले होते आणि त्याचा हेतू धर्मप्रसार हाच होता. मी बोरिवलीत राहतो. येथील मंडपेश्वरच्या शैव लेण्यात सोळाव्या शतकात याच फ्रान्सिस्कन संघाच्या फ्रेई आंतोनियो दो पोर्तो यांनी चर्च केले, त्याचे अवशेष आजही लेण्याच्या माथ्यावर उभे आहेत. गोव्यात देवळे पाडली गेली, देशी भाषांतील पोथ्या जाळल्या गेल्या. त्याच काळात रायतूरच्या जेझुइटांसाठी रामायण-महाभारतातील कथा मात्र रोमन लिपीत उतरवून घेतल्या गेल्या, कारण भाषा शिकायला पाठ्यपुस्तक हवे होते. ती हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत आणि कोकणी गद्याचा सर्वांत जुना मोठा ठेवा म्हणून अभ्यासक त्यांच्याकडेच वळतात. जाळणारे आणि जपणारे एकाच झग्यातले असावेत, याचा निकाल एका वाक्यात लावणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे घडली. गोव्याच्या १६०६च्या धर्मपरिषदेने स्थानिक भाषा न शिकणाऱ्या धर्मगुरूला धर्मग्रामाचा (पॅरिशचा) कारभार देऊ नये असे ठरवले होते. पण नंतरच्या पिढीतील फ्रान्सिस्कनांना हे कष्ट जड झाले, आणि त्यांच्याच आग्रहावरून २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी फर्मान काढले: लोकांनी कोकणी सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या संघातील एका व्रतस्थाने शिकण्याची साधने तयार करून ठेवली होती, त्याच संघाने शिकण्याचा भार स्वतःच्या डोक्यावरून उतरवून प्रजेच्या डोक्यावर ठेवला. फर्मानाने कोकणी मेली नाही, हे आपण जाणतोच. मात्र शिकवणे बंद झाले की हुकूम सुरू होतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मुंबईत सध्या मराठीवरून जे चालले आहे ते पाहताना मला हा इतिहास आठवतो. तीस वर्षे इथे व्यवसाय करून ‘मराठी येत नाही’ असे ऐटीत सांगणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. त्याने शिकलीच पाहिजे. पण दुकानदाराला दटावतानाची चित्रफीत काढणाऱ्या आपल्या किती मंडळींनी आजवर एका तरी माणसाला मराठी शिकवली आहे? मराठीत मिस्सा (चर्चमधील उपासना) म्हणणारे, मराठीत लिहिणारे धर्मगुरू या परिसराला नवे नाहीत. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्या निवडीच्या वेळी त्यांच्या झग्यावर बोट ठेवणारे बरेच निघाले. त्यांच्या मराठीवर बोट ठेवायला कोणाला जागा सापडली नव्हती.

आमच्या गृहसंकुलाचे सभागृह संध्याकाळी रिकामे असते. रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, परप्रांतांतून आलेल्या परिचारिका यांच्यासाठी तिथे बोलण्यापुरत्या मराठीचा विनाशुल्क वर्ग सुरू करण्याची परवानगी मी मागितली आहे. शिकणारे मिळतील याची मला खात्री आहे. ‘खाल्ला’ आणि ‘खाल्ली’ न चिडता समजावून सांगू शकतील अशी दोन-तीन माणसे हवी आहेत. बोरिवली-दहिसर भागातील इच्छुकांनी खाली लिहावे.