चाळीस मिलिमीटरचा हिशेब

दसऱ्याची खरेदी तोंडावर आली आणि आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. खानापूरच्या भाच्यानेही तोच पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं काय ओ?" मेसेजचा सारांश असा: इअरबड्सचा ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा) 10 मिलिमीटरचा, मोठ्या हेडफोनचा 40 चा, म्हणून बेस चौपट. खोक्यावर 40 किलोहर्ट्झ (सेकंदाला चाळीस हजार कंपनं) असेल तर आवाज जास्त स्वच्छ. डेसिबल आणि ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जितके जास्त तितका माल भारी.

आधी चौपटचं बघू. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ सोळापट होतं, म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्याच बाजूचा हिशेब कमी धरलाय. पण सोळापट धरलं तरी बेस तेवढा वाढत नाही. बेस म्हणजे शेवटी कानाच्या पडद्यावर पडणारा हवेचा दाब. बडचं रबर कानात घट्ट बसलं की आत जेमतेम एक-दोन घनसेंटीमीटर हवा उरते, ती दाबायला ड्रायव्हरचा छोटा पडदा पुरतो. हेडफोनच्या गादीखाली त्याच्या कितीतरी पट हवा असते, म्हणून तिथे पडदा मोठा लागतो.

खरी भानगड फटीची आहे: रबर किंवा गादी नीट बसली नाही की तिथून दाब निसटतो आणि बेस जातो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर बोलते. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या आमच्या बेळगाव जिल्ह्यात ही परीक्षा कुणालाही घेता येईल: फोनवर तंबोरा लावा आणि बड जरासा सैल करा. खर्ज विरतो, वरचा झणकार तेवढा राहतो. चष्म्याच्या काडीने हेडफोनची गादी उचलली गेली तरी तेच होतं. भाच्याची तक्रार होती की त्याच्या बड्सना "बेसच नाही". रबर एक नंबर मोठं घातलं, तक्रार संपली. खोक्यातली जादा रबरं कुणी उघडूनच बघत नाही.

40 किलोहर्ट्झवर फार वेळ घालवत नाही. तरुण, धडधाकट कानाची हद्द 20 च्या आसपास. माझ्या वयात ती आणखी खाली येते. शिवाय ब्लूटूथवरून 44.1 किलोहर्ट्झ नमुनादराने (सेकंदाला 44,100 नमुने घेऊन) आलेल्या आवाजात त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 22.05 च्या वर काही असूच शकत नाही. आणि खोक्यावरचा "20 ते 20,000 हर्ट्झ" हा आकडा किती डेसिबलच्या चढउतारात, हे लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. बेळगावहून गोव्याला रस्ता आहे, एवढंच सांगण्यासारखं ते. वाटेतल्या चोर्ला घाटात त्याची काय अवस्था आहे, ते कोण सांगणार?

डेसिबलमध्ये मात्र लोक खरोखर फसतात. एका खोक्यावर 100 डेसिबल, दुसऱ्यावर 105. पण पहिला आकडा एक मिलिवॅट वीज दिल्यावरचा, दुसरा एक व्होल्ट दिल्यावरचा, म्हणजे मापंच वेगळी. पहिला जर 16 ओहमचा असेल तर एका व्होल्टला तो 118 पर्यंत जातो, म्हणजे दुसऱ्याहून 13 डेसिबल मोठा! आणि हा आकडा मोठेपणाचा, गोडव्याचा नाही. ओहम जास्त म्हणजे साधारणपणे तेवढ्याच आवाजाला व्होल्ट जास्त, माल भारी असं नाही. ब्लूटूथमध्ये अँप्लिफायर आतच बसवलेला असतो, तिथे ओहम बघून करायचं काय?

महाग तो चांगला, असंही शेवटी लिहिलंय. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी 283 हेडफोन मोजून 2017 साली निष्कर्ष छापला: वारंवारतांचा आलेख (कुठला सूर किती जोरात वाजतो ते) आणि किंमत यांचा मेळ दिसला नाही.

मोठ्या हेडफोनच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यात कानाची पाळी आवाजात भाग घेते, म्हणून गाणं डोक्यात तेवढं कोंडल्यासारखं वाटत नाही. पाठ उघडी असलेल्या हेडफोनवर मैफल ऐकावी ती घरी, दार लावून. खानापूरच्या लाल बसमध्ये तो घालू नये. इंजिनाची घरघर सरळ आत येते, आणि शेजारच्यालाही आपलं गाणं फुकट.

बेळगावच्या गणपत गल्लीत खरेदीला जाल तर खोकं वाचत बसू नका. चष्मा घालूनच जा, फोनमध्ये तंबोरा ठेवा आणि लावून बघू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.