हजार रुपयांचे कान

हजार रुपयांच्या आतल्या बिनवायरच्या इयरबड्सच्या खोक्यावर जेवढा मजकूर असतो, तेवढा आमच्या पाचवीच्या पुस्तकातल्या एखाद्या धड्यालाही नसतो. ‘४० तास प्लेबॅक’, ‘१३ मिमी ड्रायव्हर’, ‘ईएनसी’, ‘गेम मोड’, ‘आयपीएक्स४’. आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत किंमत ४,९९९, तिच्यावर काट. ही काट मारायला कंपनीत एक स्वतंत्र माणूस नेमलेला असावा. न काटलेली ४,९९९ मी अजून पाहिलेली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परभणीहून जिंतूरच्या बसनं जाऊन-येऊन करते. स्टाफरूममध्ये एकदा कुणाच्या तरी फोनचं ब्लूटूथ मी चालू करून दिलं, तेव्हापासून बड्स घ्यायचे म्हटलं की सगळे मला पुढे घालून स्टेशन रोडला नेतात. माझं ज्ञान वाढलंय ते असं, दुसऱ्यांच्या पैशावर.

दुकानात पहिली गोष्ट लक्षात ठेवायची: तिथलं गाणं दुकानदार निवडतो. तो एक ढोलाचं रिमिक्स लावतो आणि आपल्या चेहऱ्याकडे बघत म्हणतो, “बेस बघा मॅडम, बेस!” या गाण्यावर दोनशेचे बड्स दोन हजारांचे वाटतात. फेब्रुवारीतल्या उरुसात स्टॉलवर मिळणारेसुद्धा.

माझी परीक्षा वारकरी भजनाच्या एका रेकॉर्डिंगवर असते. त्यात पखवाज आहे, टाळ आहेत, पेटी आहे आणि या सगळ्यांतून वाट काढणारा बुवांचा आवाज आहे. स्वस्त बड्सचं बिंग या चौघांपुढे फुटतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, नाद खर्जात जावा म्हणून. या बड्सना वाटतं, कणीक कमी पडली. ते पदरची आणखी शेरभर लावतात. मग पखवाज असा घुमतो की बुवा शेजारच्या गावात गायला बसले असावेत. पेटी वाजतेय हे केवळ आपल्याला आधीपासून माहीत आहे म्हणून ऐकू येतं. आणि टाळ ‘छण्ण’ वाजायचे सोडून, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत ‘चस्स’ करतात.

यात सगळा दोष बड्सचा नाही. गाणं दाबून लहान करायची ती एमपी३ नावाची विद्या जर्मनीत, फ्राउनहोफर संस्थेत तयार झाली. माणसाच्या कानाला जे कळणार नाही ते गाळून टाकायचं, असं तिचं तत्त्व. हे गाळलेलं गाणं फोन उघडतो आणि ब्लूटूथनं कानापर्यंत पोचवताना पुन्हा दाबतो. स्वस्त बड्सना दाबायच्या साध्या पद्धतीच येतात. एसबीसी, फार तर एएसी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही उगाच म्हणत नाही. जर्मनीत एकदा दाबतात, परभणीत दुसऱ्यांदा.

उतारा आहे, आणि फुकट आहे. फोनच्या सेटिंगमध्ये बहुतेक वेळा इक्वलायझर सापडतो. त्यातल्या डाव्या अंगाच्या, म्हणजे बेसच्या, दोन दांड्या खाली ओढायच्या. बुवा आपल्या गावात परत येतात.

दुसरा उतारा रबरी बोंडांचा. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या येतात आणि लोक पहिल्या दिवशी त्या खोक्यासकट माळ्यावर टाकतात. मग ‘आवाज पोकळ येतोय’ म्हणून माझ्याकडे येतात. बोंड कानात नीट बसलं नाही की फटीतून बेस निघून जातो, ड्रायव्हर, म्हणजे आतला इवलासा स्पीकर, १३ मिमीचा असो नाहीतर परातीएवढा. एका बाईंना मी डाव्या कानात मध्यम आणि उजव्यात लहान बोंड लावून दिलं. “माझे कान सारखे नाहीत?” म्हणून त्या दिवसभर नाराज होत्या. आवाज सुधारल्याचं त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

पण दुकानात किंवा घरात ऐकणं ही तोंडी परीक्षा. लेखी पेपर एसटीत असतो.

खोक्यावरची ‘ईएनसी’ ही तीन अक्षरं बघून सगळ्यांना वाटतं की आता एसटी मुकी होणार. दुकानदारही सांगतो, “नॉईज कॅन्सल हाय की!” हाय, पण कुणासाठी? ईएनसी आपल्या माइकमधून पलीकडे जाणारा गोंगाट गाळतं. म्हणजे पैसे आपले आणि शांतता फोनवरच्या माणसाला. आपल्या कानातला गोंगाट मारणारं ते एएनसी. त्याच्यात बाहेरच्या आवाजाच्या लहरीवर बरोबर उलटी लहर सोडतात. इंजिनाच्या सलग घरघरीवर ते उत्तम लागू पडतं. खिळखिळ्या काचेवर आणि कंडक्टरच्या घंटीवर फारसं नाही. झरीला चढून मागच्या सीटवर बसलेल्या दोन जावांवर तर मुळीच नाही.

अशा वेळी हात आपोआप आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्यांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. एसटी ही मर्यादा आपल्या बाजूनं पाळत नाही. म्हणून मी भजन थांबवते आणि त्या दोन जावांचं ऐकते. तिथं सासूचा आवाज काढताना बेससुद्धा नेमका असतो.

घरापासून स्टँडपर्यंतचा प्रवास स्कूटीवर. परभणीत मे महिन्यात पारा ४४च्या आसपास फिरत असताना स्कूटीवरची बाई म्हणजे नुसते दोन डोळे, बाकी सगळा स्कार्फ. आणि हे बड्स टचचे. एका टिचकीला गाणं थांबतं, दोन टिचक्यांना पुढचं लागतं, तीन टिचक्यांना फोनमधली बाई इंग्रजीत ‘काय मदत करू’ विचारते आणि बोट दाबून ठेवलं की येणारा फोन कट. घामानं ओला झालेला, कानावर घट्ट आवळलेला स्कार्फ बड्सच्या लेखी बोटच असतो. आमच्या केंद्रप्रमुखांचा फोन माझ्या स्कार्फनं कापला. त्यांनी पुन्हा केला, स्कार्फनं पुन्हा कापला. स्टँडवर पोचून मी फोन लावला तर सर म्हणाले, “मॅडम, बिझी दिसता.” लेखी खुलासा मागितला असता तर ‘सदर कॉल मी कापला नसून स्कार्फने कापला आहे’ हे वाक्य कोणत्या नमुन्यात बसवायचं, याचा विचार मी बोरीपर्यंत करत होते. टचपेक्षा बटणवाले बड्स घ्यावेत हे माझं ठाम मत आहे. दिसतात जुनाट, पण स्वतःच्या अधिकारात फोन कापत नाहीत.

फोनवर बोलायचं म्हणाल तर पलीकडचं ठीक ऐकू येतं, फक्त माइक चालू झाला की सगळी श्रीमंती उतरून आवाज साध्या फोनसारखा होतो. आपला आवाज मात्र ईएनसीच्या तावडीत सापडतो. ते एसटीचा आवाज गाळता गाळता आपलाही गाळतं. माझी नांदेडची बहीण विचारते, “अगं, विहिरीतून बोलायलीस का?”

‘४० तास’ म्हणजे डबीतल्या बॅटरीसकट. एका दमात पाच-सहा तास, तेही आवाज निम्मा ठेवला तर. आयपीएक्स४ म्हणजे अंगावर उडालेलं पाणी चालतं. ते बड्सला, डबीला नव्हे. आणि गेम मोडबद्दल मला विचारू नका, भाच्याला विचारा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो चालू नसला की गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो.

इथवरच्या सगळ्या अडचणी यंत्राच्या होत्या. खरी अडचण आमच्या घरात बाजेवर बसलेली असते.

आणल्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, “बघू तरी” म्हणून बड्स आपल्या फोनला जोडून पाहिले. बड्स कृतज्ञ जात आहे, पहिला धनी विसरत नाही. मी स्वयंपाकघरात डबी उघडून बड्स कानात घालते आणि ते थेट ओसरीतल्या अण्णांच्या फोनला जाऊन मिळतात. भजनाच्या अपेक्षेनं पोळी लाटायला घ्यावी तर कानात कुणीतरी खणखणीत आवाजात सोयाबीनची आवक सांगत असतं. तिकडे अण्णा फोन कानाला लावतात, झटकतात, मांडीवर आपटतात.

“अगं, आवाजच येईना गेला की ह्याचा!”

“अण्णा, तुमचा आवाज माझ्याकडं आलाय.”

“माझा आवाज तुझ्याकडं कसा येईल? मी तर इथं बसलोय.”

मग मी त्यांना भाव ओरडून सांगते. सोयाबीन सांगून झालं की कापूस, मग हळद. एक मात्र मान्य करायला हवं: हे बड्स भजनात नापास असले तरी बाजारभावात पहिल्या वर्गात येतात. बोलणाऱ्या माणसाचा शब्द न् शब्द कळतो. बातम्या, व्याख्यान, कीर्तनातलं निरूपण यासाठीच बड्स हवे असतील तर हजाराच्या वर एक रुपया घालू नये.

हे मी अण्णांसमोर बोलले आणि त्यांनाही स्वतःचा सेट हवासा वाटला. मी त्यांना मानेत अडकवायचा, वायरवाला पट्टा घ्या म्हणाले. पडत नाही, हरवत नाही. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या मोंढ्यातल्या अडतवाल्या दोस्ताला, म्हणजे आमच्या काकांना, घेऊन जाऊन बड्सच आणले. दोघांत एक सेट. पैसे निम्मे-निम्मे. एक बड अण्णांच्या कानात, दुसरा काकांच्या.

संध्याकाळी ओसरीत कीर्तन सुरू झालं. पाच मिनिटांत भांडणही.

“माझ्यात टाळ येईनात.”

“माझ्यात नुसते टाळच यायलेत. पखवाज तूच ठेवून घेतलास!”

त्या रेकॉर्डिंगमध्ये टाळकरी एका बाजूला बसवलेले आहेत आणि पखवाज दुसऱ्या. मी डावं-उजवं समजावून सांगितलं, एका सेटिंगनं दोन्हीकडं सारखा आवाज येतो ते करूनही दिलं. अण्णांना पटलं नाही. त्यांना आता टाळ कमी आणि पखवाजही कमी वाटायला लागला. शेवटी ‘एक अभंग तुझ्या कानात, एक माझ्या’ अशी बडची अदलाबदल ठरली, आणि ते जुनं सेटिंग परत लावायला मला बोलावणं आलं.

रात्री काका घरी निघाले ते आपला बड शर्टाच्या खिशात घालून. निम्मे पैसे दिलेत, तर निम्मा माल त्यांचा. डबी मात्र एकच, आणि ती आमच्याकडे. बाहेर राहिलेला बड रात्रीतून उतरतो. त्यामुळं काका आता रोज सकाळी आमच्याकडे येतात, खिशातून बड काढून डबीत ठेवतात आणि आतल्या दिशेनं हाक देतात, “सूनबाई, कान चार्जिंगला लावलाय, तवर चहा टाक.”