पुढे जर्दाळू, मागे प्लास्टिक

फेस स्क्रबच्या ट्यूबवर पुढे हे एवढं रसरशीत जर्दाळू, बाजूला दोन हिरवी पानं, वर ‘नॅचरल ग्लो’. आणि मागे? पांढऱ्यावर करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटकांची यादी. मोबाइलने फोटो काढून झूम केलं तेव्हा कुठे वाचता आलं: पॉलिइथिलीन. अरे, कॅरीबॅग ज्याची बनते तेच की हे! २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर महाराष्ट्रात भाजीवाल्याकडे पिशवी सापडली की पहिल्याच खेपेला ५ हजारांचा दंड. आणि हे दीडशे रुपयांना आमच्या गालावर चोळायला विकायचं!

तळहातावर घेऊन गरम पाण्याखाली धरलं. फेस गेला, क्रीम गेलं, निळे दाणे जसेच्या तसे. विरघळतील कसे? मोरीतून गटारात, गटारातून नदीत. देशातलं निम्म्याहून जास्त सांडपाणी प्रक्रिया न होताच सोडलं जातं, मग हे दाणे अडवणार कोण?

बरं, हे कुणाला माहीत नाही असंही नाही. अमेरिकेने २०१५ सालीच स्क्रब आणि टूथपेस्टमधल्या दाण्यांविरुद्ध कायदा केला. ब्रिटनने २०१८मध्ये बंदी घातली. आपल्या बीआयएसनेही (भारतीय मानक ब्युरो) २०१७मध्ये हे दाणे सौंदर्यप्रसाधनांसाठी असुरक्षित ठरवले. मग दुकानात हे काय करतंय? दुकानदाराला विचारलं, तर म्हणतो, “ताई, सगळे हेच नेतात.” वा!

आणि दाणे गेले तरी सुटका कुठे आहे? फाउंडेशनमध्ये नायलॉन-१२, चमकीत पीईटी, दोन्ही प्लास्टिकच. युरोपने २०२३मध्ये अशा बारीक प्लास्टिकविरुद्ध मोठा नियम आणला, पण लिपस्टिक आणि मेकअपला मुदत थेट २०३५पर्यंत! म्हणजे जे लावून आपण चहा पितो, वडापाव खातो, त्यालाच सगळ्यात जास्त सवलत. कुणाच्या सोयीसाठी, हे काय सांगायला हवं?

चेहरा घासायला आपल्याकडे मसूर डाळीचं पीठ आहे, उटणं आहे. पण ते दळायचं, चाळायचं तेवढा वेळ नसतो म्हणून तर माणूस ट्यूब घेतो ना! त्यात खरंच जर्दाळूच्या कोयांची पूड घालायला काय धाड भरली होती?

कस्टमर केअरला फोन लावला. “मॅम, आमचं प्रॉडक्ट डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड आहे.” अगं बाई, ते नाही विचारलं. यात प्लास्टिक आहे की नाही? “मॅम, तुमचा फीडबॅक नोंदवून घेतला आहे.” फीडबॅक कसला डोंबलाचा, प्रश्न विचारलाय मी!